दोन सीट क्रँकच्या

मागच्या मंगळवारी नागपुरात वाडी ते बर्डी शेअरिंग ऑटोमध्ये ज्यांनी मला पाहिलं, त्यांना एक विनंती आहे. विसरून जा. मांडीला मांडी लावून माझ्या शेजारी पोत्यात गुंडाळलेला जो उभा होता, तो आमच्या ट्रेलरच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो लोखंडी दांडा होता. आणि हो, मी त्या ट्रेलरचा मालक आहे. चाळीस टनाच्या गाडीचा मालक, आणि क्रँक न्यायला गाडी नाही.

झालं इतकंच, की हिंगणघाटच्या अलीकडे घोड्याने ठक् ठक् सुरू केलं. (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या डोक्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. खराखुरा घोडा निदान चारा खाऊन गप्प बसतो.) मिस्त्रीने कान लावला, ‘बिगएन गेला’ (म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला धरतो तिथलं बेरिंग) म्हणाला आणि इंजिन खोललं.

इंजिन खोलल्यावर मराठीतलं सगळ्यात महागडं वाक्य ऐकू येतं: ‘खोललंच हाय, तर...’ खोललंच हाय, तर रिंगा टाकून घ्या. खोललंच हाय, तर ऑइल पंप बदलून टाका, वॉटर पंपही. खोललंच हाय, तर क्लच प्लेटही पाहून घेऊ. क्लच प्लेट इंजिनात नसते, पण वाक्य एकदा सुरू झालं की कुठे थांबावं ते त्यालाही कळत नाही. या हिशेबाने मिस्त्री एक दिवस म्हणेल, खोललंच हाय, तर पोरीचं लग्नही उरकून घ्या.

असो. क्रँक घासायला ग्राइंडिंगवाल्याकडे न्यायचा होता. छोटा हत्तीवाल्याने सातशे सांगितले. सातशे! मिस्त्री म्हणाला, ‘‘ऑटोत न्या न भाऊ. फक्त आडवा नका ठेवू, उभा धरा. वाकला तर माझ्याकडे येऊ नका.’’ दोन पोट्ट्यांनी उचलून तो ऑटोत उभा केला. ऑटोवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘दोन सीट याच्या, एक तुमची. नव्वद.’’ मी म्हणालो, हा एका माणसाच्या वजनाचा आहे. तो म्हणाला, ‘‘माणूस सरकून बसतो भाऊ. हा सरकते का?’’

यावर काय बोलणार?

वाडीच्या पुढच्या स्टॉपवर एक काकू चढल्या. हातात मेथीची पिशवी. समोरच्या सीटवर बसल्या, पोत्याकडे पाहिलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

‘‘कोन्या देवाची मूर्ती हाय बाप्पा?’’

‘‘मूर्ती नाही काकू. इंजिनचा क्रँक आहे.’’

‘‘तो कोन?’’

आता मला गप्प बसता आलं असतं. पण सकाळपासून कोणी माझं ऐकून घेतलं नव्हतं; मिस्त्री नाही, फायनान्सवाला नाही, घरी तर नाहीच. मी समजावून सांगायला बसलो. सिलेंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तापून लाल व्हावी, त्यात डिझेल उडतं आणि स्पार्क प्लग नसतानाही पेटतं. पिस्टन खाली ढकलला जातो. असे सहा पिस्टन, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार अशा क्रमाने. 1500 आरपीएमवर प्रत्येक पिस्टन सेकंदात पंचवीस वेळा खालीवर. तर हे जे खालीवर आहे ना काकू, त्याचं गोल फिरणं करतो तो क्रँक. शिलाई मशीनचं पायडल असतं ना, पाय खालीवर आणि चाक गोल...

शिलाई मशीनचं नाव काढायला नको होतं.

‘‘अव माय! पायडल मशीन त मी पंचवीस वरसं चालवली. लेकीचं, सुनेचं, मोहल्ल्यातलं समदं शिवलं. तिचं हे कधी नाही खराब झालं.’’

‘‘काकू, ही चाळीस टन ओढते.’’

‘‘मी रोज तेल टाकत होती न. दोन थेंब. तुम्ही तेल नाही टाकलं काय?’’

ऑटोत सहा माणसं होती. सहाही माझ्याकडे वळली. मेडिकलची बॅग घेतलेला एक मुलगा, त्याने कानातलं इअरफोनही काढलं. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं.

‘‘टाकलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘मंग?’’

आता त्या ‘मंग’चं खरं उत्तर मला माहीत होतं, आणि तेच मला चार दिवसांपासून छळत होतं. क्रँकच्या जर्नलमध्ये (बेरिंगात फिरणारा त्याचा गुळगुळीत गोल भाग) आणि बेरिंगमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत ऑइलचा थर असतो, आणि धातू धातूला न लागता त्या थरावर तरंगतो. प्रेशर गेलं की थर गेला, थर गेला की बेरिंग गेलं. त्यासाठीच डॅशबोर्डवर लाल बत्ती असते. ती लागली होती. तीन दिवस लागली होती. आमच्या ड्रायव्हरने तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. का? ‘‘रातच्याला डोळ्यात येऊन राहिली होती भाऊ.’’

हे मी काकूंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, निदान दोष वाटला गेला असता. पण ड्रायव्हरवर बोट दाखवलं, की लोक विचारतात, त्याला झोप किती मिळते? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. गोदामाच्या गेटवर माल उतरवायला दोन-दोन दिवस गाडी उभी राहते, त्याचे पैसे कोणी देत नाही, हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला बरोबर कापला जातो. मग तो बुडालेला वेळ रात्री चालवून भरून काढायचा. लाल बत्ती डोळ्यात येणारच. त्या चिकटपट्टीत माझंही थोडं बोट आहे, एवढंच म्हणतो आणि विषय सोडतो.

काकूंनी सोडला नाही. ‘‘माह्या जावयाचाही टरक होता.’’

‘‘होता?’’

‘‘इकला. आता पोह्याची गाडी लावते. तर्री पोहा. सकाळी अकराच्या आत समदं संपते. सुखात हाय.’’

यावर ऑटोत चर्चा झाली. तर्रीत तेल लागतं, पण ते दिसतं वर, हा मुद्दा मेडिकलवाल्याने मांडला. शेवटी रविनगर येईस्तोवर असं ठरलं की मी ट्रेलर विकून पोहे लावावेत. मला कोणी विचारलं नाही.

डिझेल इंजिन ज्याने बनवलं तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली बोटीने इंग्लंडला निघाला होता. रात्री जेवून आपल्या केबिनमध्ये गेला आणि सकाळी बोटीवर दिसलाच नाही. पुढे समुद्रात त्याचा देह सापडला. काय घडलं ते आजतागायत नक्की कोणाला कळलेलं नाही. मला कळलं आहे. जेवणाच्या टेबलावर समोर कोणीतरी मेथीची पिशवी घेऊन बसलं होतं.

त्याच्यावर राग नाही माझा. राग नागपूरवर आहे. भारताचा मध्य म्हणून आपण झिरो माइल मिरवतो. काश्मीर ते कन्याकुमारीचा 44 नंबरचा हायवे आणि सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याला जाणारा 53 नंबर इथे एकमेकांना छेदतात, म्हणून छाती फुगवतो. मध्य असण्याचा अर्थ काय? की कुठूनही निघालेलं इंजिन इथे पोहोचेपर्यंत अर्धं दमलेलं असतं, आणि उरलेला दम वाडीत निघतो.

बर्डीला काकू उतरल्या. उतरताना त्यांच्या पदराला पोत्यातलं काळं मोबील लागलं. पदर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘‘तेल त हाय याले.’’

ग्राइंडिंगवाल्याने मायक्रोमीटर लावून क्रँक मोजला. आधीच्या मालकाने एकदा घासून घेतला होता, 0.25 मिलिमीटरवर होता. आता 0.50 होईल, आणि बेरिंग तेवढंच जाड टाकायचं. ‘‘अजून एखादा साइज निघेल, मग नवाच घ्या,’’ असं म्हणून त्याने चष्मा वर केला.

‘‘तेल नव्हतं का?’’

मी फक्त पावती मागितली.

शुक्रवारी क्रँक परत आणायला गेलो, तर स्टॅंडवर तोच ऑटोवाला. पुन्हा म्हणे दोन सीट. मी म्हणालो, अरे बाबा, घासून आणलाय, पाव मिलिमीटर बारीक झालाय, काहीतरी कमी कर. त्याने पोत्याकडे नीट पाहिलं, जणू खरंच मोजतोय.

‘‘नव्वदच, भाऊ. बारीक झाला तरी सरकत त नाही न.’’ किक मारता मारता मागे वळून म्हणाला, ‘‘आणि यावेळेस तेल टाकजा.’’