अनुदानाची आढी

आंब्याची आढी घालायची तर पेंढा कोरडा लागतो, फळ तयार लागतं, आणि रोज सकाळी हात घालून कुठलं मऊ झालंय, कुठलं डागाळलंय ते चाचपावं लागतं. अनुदानाच्या आढीला यातलं काही लागत नाही. एकदा घातली की वरून पेंढा सारायचा आणि परत उघडायची नाही. तेव्हा तुम्ही कोकणात राहत असाल, तालुक्याच्या गावी दोन-चार ओळखी असतील आणि ‘डेटा’ हा शब्द तुम्हाला न अडखळता म्हणता येत असेल, तर यंदा कलमांवर फवारणी करण्यात वेळ घालवू नका. लहान उद्योगांसाठी डेटा हब, म्हणजे त्यांची माहिती एकत्र करणारं केंद्र, सरकारी अनुदानावर काढा.

हंगाम चांगला आहे. आपल्या सरकारनं जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले, आणि त्यात शेतीच्या डेटाची देवाणघेवाण हेही एक काम आहे. तेलंगणानं तशी देवाणघेवाण ऑगस्ट २०२३ मध्येच सुरू केली. युरोपात तर डिजिटल नवोपक्रम केंद्रांचं जाळंच आहे, निम्मा खर्च युरोपीय संघाचा, निम्मा त्या त्या देशाचा. मूळ कल्पना सगळीकडे एकच, आणि खरं सांगायचं तर चांगली आहे. मोठ्या कंपनीकडे स्वतःचीच माहिती ढिगानं असते, लहान कारखानदाराकडे एका वहीपुरती. अशा शंभर वह्या कुणा भरवशाच्या माणसानं शेजारी ठेवून वाचल्या, तर ज्याला त्याला आपल्या वहीत न दिसलेलं काहीतरी दिसेल. हे एकट्यादुकट्याला परवडत नाही, म्हणून सरकारचा पैसा. इथपर्यंत सगळं बरोबर आहे, म्हणून तर मंजुरी मिळते. आपलं काम मंजुरीनंतर सुरू होतं.

आधी इमारत. डेटाला जागा लागत नाही, असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला समितीत घेऊ नका. आमच्या तालुक्यातल्या हबाला (नाव घेत नाही, शेजारधर्म आहे) दर्शनी भाग सगळा काचेचा केला. जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आजोबांच्या काळापासून लोक पावसाचा मारा अडवायला पश्चिमेच्या भिंतीला झड लावतात, तिथे पश्चिमेला काच. पहिल्याच जुलैत सर्व्हरच्या खोलीत एक निळी बादली आली. दुसऱ्या वर्षी बादलीवर पांढऱ्या रंगानं ‘सर्व्हर रूम’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. बादली चोरीला जाऊ नये म्हणून लिहिलं होतं. त्या हबात ज्याच्यावर नाव-गाव व्यवस्थित नोंदलेलं आहे अशी ती एकच वस्तू.

मग सभासद. केंद्राच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्र काढायचं तर किमान २० उद्योजकांची संस्था लागते. घाबरू नका. लहान उद्योगांच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते आणि आपणच आपल्याबद्दल लिहून द्यायचं असतं. मेहुणा मसाला दळतो, चुलतभाऊ होमस्टे चालवतो, वहिनीचं शिवणयंत्र आहे. वीस व्हायला किती वेळ? शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाढली: गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, उलाढाल १० कोटींपर्यंत. म्हणजे पडवीत बसून कोकमाचं आगळ भरणारी बाईही सूक्ष्म आणि १० कोटींचा कारखानदारही सूक्ष्म. लाभार्थींची संख्या दाखवायची असेल तेव्हा बाईला मोजा, फायदा द्यायचा असेल तेव्हा कारखानदाराला बोलवा. फोटोला बाई पुढे.

आता गोळा करायची माहिती. इथे माझा स्वतःचा अनुभव कामी येईल, कारण मी काजूवाला आहे. आठ बायका, दोन कटर, एक बॉयलर आणि टरफलाच्या तेलानं काळी झालेली माझी बोटं, एवढाच कारखाना. गेल्याच्या गेल्या वर्षी एप्रिलात, म्हणजे बी खरेदीच्या ऐन धामधुमीत, हबातून एक मुलगा टॅब घेऊन आला. पोरगा गुणी. फॉर्मात ४७ रकाने होते. आईचं नाव, जात, घरात शौचालय आहे का, स्मार्टफोन किती, आणि बेचाळिसाव्या रकान्यात बीचा खरेदीदर. उतारा मात्र कुठेच नव्हता.

बाहेरच्यांसाठी सांगतो. एका पोत्यातून गर किती निघाला तो उतारा. काजूच्या धंद्यात नफा म्हणतात तो बहुतेक तिथेच असतो. वेंगुर्ला-७ जातीचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास सांगतात, गावठी बीचा बराच खाली येतो, आणि बी नीट वाळवलेली नसेल तर दोन्ही कागदावरच राहतात. कुठल्या गावची बी यंदा किती उतरली, हे आमच्यासारख्या पन्नास जणांनी नावं न देता एका ठिकाणी टाकलं असतं, तर मे महिन्यात पोत्यात हात घालून डोळे मिटण्याची पाळी आली नसती. मी त्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, “काका, ते ‘इतर’मध्ये टाकू?” ‘इतर’मध्ये वीसच अक्षरं मावत होती.

पंधरा दिवसांनी हबाच्या डॅशबोर्डवर ‘काजू बी : तालुक्यातील सरासरी दर’ झळकला. मी पाहिला आणि चाट पडलो. पैशापैशापर्यंत माझाच दर! तालुक्यात तो रकाना भरणारा मी एकटाच निघालो होतो, एकाची सरासरी तो एकच. पण आकड्याला आता सरकारी मोहोर लागली होती. (आंब्याला मोहोर येतो, आकड्याला मोहोर लागते. फलधारणा दोन्हींत अनिश्चित.) दुसऱ्या दिवशी बी घेऊन आलेला शेतकरी फोन पुढे करून मला म्हणाला, “सरकारी दर ह्यो आसा, तुमी दोन रुपये वर देवक व्हये.” माझ्याच दरावर मला दोन रुपये चढे द्यायला लागले. तेव्हा हबानं बाजारात काहीच फरक पडत नाही, असं कुणी म्हणू नये.

तर धडा हा, की ज्याला उपयोग आहे अशा आकड्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. वाशीच्या पट्टीचंच घ्या. बागायतदार पेट्या पाठवतो, आठवड्यानं दलालाकडून पट्टी येते, त्यात दर, हमाली, भाडं, आणि नाव नसलेल्या वजावटीच्या दोन-तीन ओळींची भर. शेजारच्या बागेतला माणूस आपली पट्टी दाखवत नाही, आपण आपली दाखवत नाही, दोघंही ती देवघरातल्या डब्यात ठेवतो. एकाच दिवसाच्या चाळीस पट्ट्या शेजारी मांडल्या तर कुठला दलाल कुठल्या प्रतीला काय देतो ते शाळेतलं पोरही सांगेल. इथेच सावध व्हा. हंगामाआधी बागायतदाराला उचल तोच दलाल देतो, आणि तुमच्या उद्घाटनाच्या मांडवावर ‘सौजन्य’ म्हणून ज्याचं नाव आहे तोही तोच. त्यापेक्षा आंबा बागायतदारांचं डिजिटल साक्षरता सर्वेक्षण करा.

हवामानाच्या आकड्यांपासूनही चार हात लांब. फळपीक विम्यात आंब्याला अवेळी पाऊस, पारा किती चढला, किती उतरला याच्या मर्यादा ठरलेल्या असतात, आणि भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. पाऊस तुमच्या बागेत पडून चालत नाही, तो केंद्रावर पडावा लागतो. आता रोज संध्याकाळी त्या केंद्राची नोंद गावच्या ग्रुपवर टाकणं, एवढंच काम जरी एखाद्या हबानं केलं तरी बागायतदार त्याला पायघड्या घालतील. आणि मग दुसऱ्या दिवशीपासून प्रश्न विचारतील. केंद्र चिऱ्याच्या खाणीशेजारी का उभं केलं, इथपासून सुरुवात होईल. नको ती ब्याद.

वाईट संगतीचं एक उदाहरण देऊन ठेवतो, म्हणजे पाय घसरणार नाही. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, १९९९ सालची. ती उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघते आणि मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना सांगते. मराठीतसुद्धा. फुकट. पावसाळ्यातली बंदी सोडून वर्षभर. या लोकांनी केवढी घोडचूक केली बघा: आधी दिलं! कुठल्या खलाशाकडून ४७ रकाने भरून घेतले नाहीत, त्याचं डिझेल वाचेल अशी गोष्ट आधी त्याच्या हातात ठेवली. आता ज्याचं डिझेल वाचलं तो उद्या कुणी विचारलं तर चार गोष्टी सांगायला तयार होईल. नाहीतर मच्छीमार आपली मासळीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव उघड्यावर होतो, कुणीही उभं राहून ऐकावं, पण जाळं कुठे टाकलं होतं म्हणून विचारून बघा. तो तुम्हाला पश्चिमेकडे बोट दाखवेल. अख्खा अरबी समुद्र पश्चिमेलाच आहे.

युरोपवाल्यांकडून घ्यायचंच तर पीपीटीतले फोटो घ्या. त्यांच्या केंद्रांत ‘गुंतवणुकीआधी चाचणी’ म्हणून एक सेवा असते: लहान उद्योजकानं यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी तिथे येऊन आपल्या मालावर करून बघायचं. आमच्याकडे आधी कर्ज, मग यंत्र, मग चाचणी, मग भंगारवाला, असा क्रम रुळलेला आहे, तो मोडू नका. सप्टेंबर २०२३ पासून त्यांच्याकडे आणखी एक नियम लागू आहे. डेटाच्या व्यवहारात मध्यस्थ असणाऱ्यानं तो डेटा स्वतःच्या दुसऱ्या फायद्यासाठी वापरायचा नाही. हे वाक्य प्रकल्प अहवालात चुकूनही येऊ देऊ नका. पुण्याच्या सल्लागाराकडून अहवाल करून घेणार असाल तर भीती नाही. त्याच्याकडे तयार अहवाल असतो, कोकणासाठी त्यात ‘डाळिंब’च्या जागी ‘आंबा’ घालतात. आमच्या हबाच्या अहवालात एके ठिकाणी घालायचं राहून गेलं होतं. पान ११२ वर देवगडचं डाळिंब निर्यात होत होतं, आणि ते पान मंजूर झालं.

एवढं सगळं करूनही एखादा चिवट माणूस येतोच. “आमच्याकडून नेलेली माहिती आम्हाला द्या,” म्हणतो. त्याला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ असं म्हणून दाखवा, सावकाश, साल जरा जोर देऊन. तो कायदा माणसाच्या माहितीसाठी आहे, काजूच्या पोत्याच्या उताऱ्याला लागू नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असलंच तर माहिती द्या, पण एक्सेलची प्रिंट काढून, तिचा मोबाइलवर फोटो घेऊन, तो फोटो पीडीएफ करून. सरकारी आकडे यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात द्यावेत, असं धोरण केंद्रानं २०१२ सालीच केलं आहे. यंत्राचं सोडा, माणसाला चष्मा लावूनही वाचता येणार नाही, इतपत फोटो हलवा.

मार्चअखेरची काळजी करू नका. अनुदान खर्चल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला आहे, १२-ए, सनदी लेखापाल भरून देतो. कुणाचा धंदा किती सुधारला असं विचारलं तर प्रशिक्षणाची हजेरी जोडा. हजेरी वाढवायची तर जेवण सुरमईचं ठेवा. आमच्याकडे ‘क्लाउड’ या विषयाला दोनशे लोक होते, श्रावणात घेतला तेव्हा अकरा.

अनुदान संपल्यावर काय, असा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीही त्यात शिरत नाही. फक्त मागच्या मे महिन्यात काय पाहिलं ते सांगतो. उताऱ्याचं काही मिळतंय का बघायला मी परत हबात गेलो होतो. वीज तोडलेली. टॅबवाला मुलगा गोव्याला हॉटेलात लागला होता. रखवालदार तेवढा होता. मला बघून त्यानं प्रशिक्षणाच्या सभागृहाचं दार उघडलं, आणि आतून असा घमघमाट आला की मी उंबऱ्यातच थांबलो. खुर्च्या भिंतीला लावून त्यानं फरशीभर पेंढा पसरला होता आणि आढी घातली होती. पश्चिमेच्या काचेतून ऊन येत होतं, ऊब कशी झकास धरलेली. वाकून, न बघता, नुसत्या हातानं चाचपत तो एकेक फळ बाजूला काढत होता, आणि काढता काढता मला वाशीचा आदल्या दिवसाचा दर, कुडाळात पेटीला काय मिळतंय आणि यंदा कुठल्या वाडीची बी ओली आहे, हे सगळं सांगत होता. मी खिशातली पावती काढून तिच्या पाठीवर लिहून घेतलं.

जाताना त्यानं दोन आंबे हातात ठेवले. एक तिथेच कापला. वरून सोन्यासारखा, आत साका धरून नासलेला.

“ह्येची नोंद खंय करूची?” मी विचारलं.

“फॉर्मात रकानो नाय ओ,” तो म्हणाला, आणि परत पेंढ्यात हात घातला.