फोनचे पैसे परत दिले म्हणजे भरपाई झाली का?

कंपनीने सदोष फोन परत मागवला, पूर्ण पैसे दिले, आता आणखी काय हवंय? असं म्हणणारे खूप भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. पैसे परत म्हणजे माझेच पैसे मला मिळाले. भरपाईचा विषय तिथून पुढे सुरू होतो.

२०१६ चा सॅमसंग गॅलॅक्सी नोट ७ आठवा. १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली आणि २ सप्टेंबरला कंपनीने जगभरातले २५ लाख फोन परत मागवले, कारण फोन पेट घेत होते. लोकांनी ते बदलून घेतले. मग ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलला उड्डाणाआधीच एका विमानात फोनमधून धूर निघाला, सगळ्या प्रवाशांना खाली उतरवावं लागलं. तो फोन बदलून मिळालेला होता, सुरक्षित म्हणून दिलेला! आठवड्याभरात उत्पादनच बंद झालं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगळे दोष होते. वापरणाऱ्याची तिळभरही चूक नव्हती.

फोन परत पाठवायला अमेरिकेत ग्राहकांना आगरोधक खोकी आणि हातमोजे पाठवले गेले. जी वस्तू हातमोजे घालून उचलायची, ती लोक उशाशी ठेवून झोपत होते. त्या भीतीचं मोल काय लावलं? पुन्हा सॅमसंगचाच फोन घेतला तर १०० डॉलरपर्यंत सवलत, पैसे परत घेतले किंवा दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर २५ डॉलर. धोका दोघांनाही सारखाच होता ना? मग हा फरक कशासाठी? माझ्या मते ती भरपाई नव्हतीच, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून केलेला खर्च होता.

दक्षिण कोरियात ५२७ ग्राहक कोर्टात गेले. प्रत्येकी ५ लाख वोन मागितले, हेलपाट्यांसाठी, वाया गेलेल्या वेळेसाठी, मनस्तापासाठी. पुढे आणखी लोक दाव्यात आले, पण तिथल्या कोर्टाने भरपाई नाकारली.

भारतात नोट ७ ची विक्री सुरूच झाली नाही, म्हणून आपण वाचलो. पण २००७ मधली नोकियाची बीएल-५सी बॅटरी अनेकांना आठवत असेल. जगभरात ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा होता. तेव्हा मागचं झाकण उघडून बॅटरी बदलली की काम झालं. आता बॅटरी आतच बंद असते, त्यामुळे अख्खा फोन द्यावा लागतो, आणि त्याबरोबर यूपीआय, बँकेचे ओटीपी, मुलांचे फोटो, धंद्याचे नंबर सगळंच अडकतं. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलाचा फोन चार दिवस गेला तर चार दिवसांची कमाई गेली.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवायला लावू शकतं आणि किंमत परत द्यायला लावू शकतं. किंमत, एवढंच. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी कंपनीवर टाकणाऱ्या तरतुदींमध्ये तर 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि आर्थिक तोटा वगळलाय. म्हणजे फोनने घर पेटलं, हात भाजला तर त्या तरतुदी कामाच्या. बुडालेल्या रोजगारासाठी नाहीत.

पण सदोष मालाची साधी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार चालते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. बिल, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि सर्व्हिस सेंटरचा कागद जपून ठेवा, आणि फोन परत करताना 'माझी काही तक्रार नाही' असं छापलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. ही सही पुढे फार महागात पडते.

माझी मागणी अशी आहे की कलम २० च्या आदेशातच किमतीबरोबर एक ठरावीक रक्कम प्रत्येक ग्राहकाला मिळावी, त्याने अर्ज न करता. पुढचा फोन तो कोणत्या कंपनीचा घेतो, याच्याशी त्या रकमेचा काडीचाही संबंध नसावा.