मामा, ते इंजिन ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस

"जुनी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर आहे? मेकॅनिक हे तुम्हाला कधीच सांगणार नाही!" असा एक पाच मुद्द्यांचा मेसेज फिरतोय. मला तो तीन-चार वेळा आला, मी सोडून दिला. पण परवा मामाचा फोन, "अरे, २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल एक लिटर आणून ठेवलंय, डिपस्टिकच्या नळीतूनच ओतायचं ना?" आता मात्र लिहावंच लागतंय.

तर तो ऑइलचाच मुद्दा आधी. मेसेज म्हणतो, गिअरबॉक्स स्लिप व्हायला लागला, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी तेवढी ओढत नाही, की जाड इंजिन ऑइल घाला, "पकड येते". कसली डोंबलाची पकड? ऑटोमॅटिकमधलं तेल हे नुसतं वंगण नसतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, वॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाचं प्रेशर हवं तिकडे वळवणाऱ्या भागातल्या) बारीक वाटांमधून फिरून क्लच तेच दाबतं, आणि क्लचच्या प्लेटी त्यात भिजलेल्या असतानाच पकडतात, म्हणून एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या या खास तेलात) त्या घर्षणाचा हिशेब करून वेगळी रसायनं घातलेली असतात. १०० अंशाला डेक्सरॉन-३ जातीच्या एटीएफची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, साधारण ७ सेंटिस्टोक असते, २०डब्ल्यू-५० ची कमीत कमी १६.३. दुपटीहून जाड! आता एका लिटरने सगळं तेल तेवढं जाड होणार नाही, कबूल. आणि हेही कबूल की झिजलेल्या सीलमधून जाड तेल जरा हळू निसटतं, त्यामुळे प्रेशर टिकून थोडे दिवस बरं वाटेल. तेवढ्यावरच लोक "मला फरक पडला" म्हणून पुढे पाठवत असणार. पण मूळ दुखणं तसंच, प्लेटी घासल्या जातातच, आणि थंड गाडीत शिफ्ट अजून रेंगाळतो. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कंपनीच इंजिन ऑइल घालायला सांगायची, कदाचित तिथून कुणीतरी हे उचललं असेल. अहो पण मॅन्युअल!

मामाला ऑइल ओतावंसं का वाटलं तर मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्यामुळे. "लेव्हल नेहमी सकाळी, इंजिन बंद असताना बघा." त्याने तशी बघितली, डिपस्टिक वरपर्यंत ओली, म्हणजे तेल भरपूर आहे, म्हणजे तेल "पातळ" झालंय. झालं! इंजिन बंद असलं की पंप बंद, तेल खाली पॅनमध्ये येऊन बसतं आणि लेव्हल जास्तच दिसते. मी त्याच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल काढून वाचून दाखवलं: गाडी चालवून तेल ७० ते ८० अंशांपर्यंत गरम करायचं, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कला आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघायची. सगळ्या गाड्यांना हेच लागू नाही हं, क्रायस्लरच्या कित्येक जुन्या बॉक्समध्ये न्यूट्रलला बघतात, म्हणून आपल्याच गाडीचं पुस्तक उघडायचं.

"तेल कधीच बदलू नका, बदललं की बॉक्स जातो." यात अर्ध सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या बॉक्सला मशीनने प्रेशर देऊन फ्लश केलं तर साचलेला गाळ सुटून वॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. पण बहुतेक लोक स्लिप सुरू झाल्यावरच तेल बदलतात आणि मग दोष नव्या तेलाला. पॅन उघडून फिल्टर बदला, जेवढं तेल निघेल तेवढंच नवीन भरा, बरंचसं जुनं कन्व्हर्टरमध्ये राहतंच. आणि निघालेलं तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी चालवूच नका, बहुतेक रेडिएटरमधला गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कुलर फुटून कूलंट आत आलंय.

डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा (सगळ्यात वरच्या गिअरचा) दिवा ब्लिंक झाला की बॅटरी काढून लावा, हा चौथा. दिवा जातो हो, सोबत बिघाड कुठे आहे ते सांगणारा कोडही जातो! नव्वदच्या दशकातल्या टोयोटांत डायग्नोस्टिक कनेक्टरमधले टीई-१ आणि ई-१ जोडले की तोच दिवा लुकलुकून कोड सांगतो, ६२ आणि ६३ म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेवरचे वॉल्व्ह), ६४ कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा. दोष कधीकधी नुसत्या वायरीत असतो. फुकट मिळणारी माहिती पुसायची कशाला?

पाचवा, "डांबरी रस्त्यावरही फोर-व्हीलमध्ये ठेवा, गिअरबॉक्सवरचा लोड वाटला जातो." पार्ट-टाइम सिस्टिमला, म्हणजे फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट एकत्र जोडला जातो तिला, हे साफ चूक. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत, सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यात) भरतो. मग गाडी आखडते, झटके देते, आणि लोक म्हणतात ऑटोमॅटिक बिघडला.

मामाची गाडी काल गरम करून पुस्तकाप्रमाणे बघितली. तेल डिपस्टिकवरच्या 'हॉट'च्या खालच्या खुणेच्याही खाली. एटीएफ जळून संपत नसतं, कमी झालं म्हणजे गळतंय, आणि निघालंही तसंच, कुलरकडे जाणाऱ्या होजच्या क्लॅम्पपाशी सगळं तेलकट. होज बदलला, योग्य एटीएफ भरलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन जे नुसतं ओरडायचं ते थांबलंय. २०डब्ल्यू-५० चा डबा तसाच पडलाय, त्याच्या इंजिनालाही तो ग्रेड चालत नाही.