चोपड्यात कोण येतंय हॅक करायला? या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, राग वगैरे काही नाही, असं तोंडावर बोलणारे पाहिजेतच. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं एवढंच ना, की चोपड्यात हॅकर कशाला येईल, वायफायला लांबलचक पासवर्ड आहे, आणि मी लोकांना घाबरवून नवीन राउटर घ्यायला लावतोय.

तर येत कोणीच नाही हो, स्क्रिप्ट येते, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. ती ओळीने आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचे पत्ते, तपासत जाते, गाव कोणतं ते तिला माहीतही नसतं. २०१६ ची मिराई बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या डबड्यांची फौज) तशीच, कंपनीने दिलेले डिफॉल्ट युजरनेम-पासवर्ड टाकून पाहायचे, कॅमेरा, त्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, राउटर जे उघडेल ते ताब्यात. त्या ऑक्टोबरात अशाच डबड्यांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या कंपनीवर, मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले.

आणि तुमचा पासवर्ड शेजारच्या पोराला फुकट नेट वापरू देत नाही, बस. फर्मवेअरमधल्या भोकाशी त्याचा संबंध नाही. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सिक्युरिटी कंपनीने 'मिसफॉर्च्युन कुकी' दाखवली, बाहेरून एक मुद्दाम बिघडवलेली कुकी (ब्राउझर वेबसाइटला पाठवतो ती छोटी नोंद) पाठवली की राउटरचा ताबा पाठवणाऱ्याच्या हातात, पासवर्ड विचारायचा प्रश्नच नाही, आणि असे किमान १.२ कोटी डबे. खरी चीड पुढे आहे: तो दोष रॉमपेजर नावाच्या छोट्या वेब सर्व्हरमधला (राउटरचं सेटिंगचं पान दाखवणारा प्रोग्राम), आणि तो बनवणाऱ्यांनी दुरुस्ती २००५ मध्येच केलेली! राउटरवाले नऊ वर्षं जुनाच कोड नव्या खोक्यात भरून विकत राहिले. म्हणून तर नवीन घ्या असं मी म्हणतच नाही, नव्याने काय होतंय.

एक मात्र तुमच्या बाजूने. बरेच फायबरवाले एकच आयपी खूप गिऱ्हाइकांत वाटतात, त्यामुळे बाहेरचा थेट तुमच्या राउटरपर्यंत सहसा पोचत नाही. पण रावेर-सावद्याकडे केळीचा एखादा व्यापारी गोडाऊनचा सीसीटीव्ही मोबाइलवर दिसावा म्हणून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा) घेतो, फिटिंगवाला पोरगा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून जातो, डीव्हीआरचा पासवर्ड तोच कंपनीचा... आपल्याकडे मला भीती त्याची.

तुम्ही राउटरच्या सेटिंगमध्ये रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद आहे का तेवढं बघा. आणि फर्मवेअर चढवायच्या आधी राउटरच्या बुडाशी हार्डवेअर व्हर्जन बघा, मॉडेल तेच असलं तरी व्ही १ आणि व्ही ३ ची फाइल वेगळी असते, चुकीची चढवली तर राउटर कामातून गेला. मॉडेल आणि व्हर्जन, दोन्ही नंबर इथे टाका, मी फाइल शोधून देतो.