खादीला कसलं डिझाइन? : ५५व्या ऑस्करवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

५५व्या ऑस्करची नामांकनं आणि विजेते यांवरच्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही. इतरांच्या सोयीसाठी गोषवारा देतो. वेशभूषाकार भानू अथय्यांना ऑस्कर मिळालं ते 'गांधी' चित्रपटाच्या लाटेत. धोतर, पंचा आणि खादी यांत डिझाइन करण्यासारखं होतंच काय? त्यातही पुरस्कार त्याच चित्रपटाचे दुसरे वेशभूषाकार जॉन मोलो यांच्याबरोबर वाटून, म्हणजे अर्धाच. खरा अन्याय झाला तो संगीतकार रविशंकरांवर. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडींना लेखात जागाच नाही. आणि साल १९८२ की १९८३, हे एकदा ठरवून लिहा. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो सुटला की दोन गाठी आपोआप सैल होतात.

सोहळा ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजलिसच्या डोरोथी चँडलर पॅव्हिलियनमध्ये झाला. पुरस्कार होते १९८२च्या चित्रपटांचे. म्हणून एका यादीत १९८२ दिसतं, दुसऱ्या यादीत १९८३, आणि दोन्ही बरोबर असतात. घोळ टाळायचा तर सोहळ्याचा क्रमांक धरावा: ५५वा. ऑस्करपुरतं '१९८२चा चित्रपट' म्हणजे त्या वर्षात लॉस एंजलिसमध्ये तिकीट लावून ठरावीक दिवस चाललेला चित्रपट. तो आपल्या देशात कधी लागला, याच्याशी संबंध नाही. 'दास बूट' जर्मनीत १९८१ सालीच लागला होता, पण अमेरिकेत १९८२मध्ये आला आणि ५५व्या सोहळ्यात त्याला दिग्दर्शनासह सहा नामांकनं मिळाली. सहाही हुकली, ते वेगळं. बाफ्टा या ब्रिटनच्या चित्रपट पुरस्काराचं कॅलेंडर पुन्हा निराळं. तिथे त्याच वर्षीच्या यादीत 'रेड्स' आहे, ज्याचं ऑस्कर आधीच्या वर्षी उरकलं होतं. तेव्हा दोन पुरस्कारांच्या याद्या शेजारी ठेवताना नुसतं साल जुळवलं, तर चुकीचे चित्रपट समोरासमोर उभे राहतात. तुमच्या प्रतिक्रियेत एका ठिकाणी नेमकं हेच झालंय. 'चॅरियट्स ऑफ फायर' हा 'गांधी'चा प्रतिस्पर्धी नव्हता, तो त्याआधीच्या वर्षीचा विजेता.

आता लाटेचं. 'गांधी'ला ११ नामांकनं होती आणि ८ पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, मूळ पटकथा, कला दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, वेशभूषा. एवढं एका चित्रपटाने नेलं की लाट म्हणावीच लागते. ती नव्हती असं माझं म्हणणं नाहीच. पण ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे मतदानाच्या पद्धतीवरून कळतं.

ऑस्करचं मतदान दोन टप्प्यांत होतं. नामांकनं त्या त्या कामातले लोक ठरवतात: नट नटांना निवडतात, संकलक संकलकांना. वेशभूषेची पाच नावं वेशभूषेच्या धंद्यातल्या माणसांनी काढली. ही माणसं शिवण, कापड आणि काळ यांवर बोट ठेवणारी. चित्रपटाचा विषय थोर आहे म्हणून ती विरघळत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात मात्र तेव्हा, काही छोटे विभाग सोडले तर, सगळे सभासद सगळ्या विभागांत मत देत. ध्वनिमुद्रकही वेशभूषेला मत देई आणि प्रसिद्धी खात्यातला माणूसही. या टप्प्यात 'आवडलेल्या चित्रपटावर खूण' हा प्रकार चालायचा. शिवाय इथे साधं सर्वाधिक मतांचं गणित असतं. पाच नावांत मतं अगदी सारखी फुटली, तर २१ टक्क्यांवरही पुरस्कार निघू शकतो. आकडे ऑस्कर देणारी अकादमी जाहीर करत नाही, त्यामुळे कोण किती मतांनी जिंकलं हे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तुमच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट तुमच्याकडून सुटली, ती मीच मांडतो. वेशभूषेच्या पाच नावांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतला चित्रपट एकटा 'गांधी' होता. 'ई.टी.', 'टूट्सी', 'मिसिंग', 'द व्हर्डिक्ट' यांपैकी एकही वेशभूषेत नव्हता. कला दिग्दर्शनातही तेच: 'अ‍ॅनी', 'ब्लेड रनर', 'ला त्राविआता', 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' आणि 'गांधी'. म्हणजे या याद्यांत सर्वांत जास्त सभासदांनी पाहिलेला चित्रपट बहुधा हाच. दुसऱ्या टप्प्यात याचा फायदा झालाच असणार.

पण हरलेले तीन विभागही पाहा. रंगभूषेत त्या वर्षी दोनच नामांकनं होती, 'गांधी' आणि 'क्वेस्ट फॉर फायर'. नुसती लाटच असती तर हा पुरस्कार आयता हातात पडायचा. तो 'क्वेस्ट फॉर फायर'ला गेला. संगीत आणि ध्वनी 'ई.टी.'ने नेले. म्हणजे मतदारांनी डोळे मिटून एकाच नावावर शिक्के मारले नव्हते.

खादीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. झगमगाट दिसला की वेशभूषा दिसते, आणि साधं कापड दिसलं की वाटतं घरातून आणलं असेल.

त्या पाचांपैकी 'ट्रॉन' घ्या. नटांनी घातलेले पोशाख प्रत्यक्षात पांढरे, वर काळ्या रेषा. या पोशाखांतल्या प्रसंगांचं चित्रीकरण कृष्णधवल, ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर. मग एकेक फ्रेम फिल्मच्या मोठ्या पारदर्शक तावांवर उतरवून, मागून प्रकाश सोडून, रंगीत गाळण्या लावून त्या रेषा चमकवल्या. पडद्यावर दिसणारा निळा-लाल रंग शिवणकामात नव्हताच, तो पुढच्या प्रक्रियेत आला. 'ला त्राविआता'त पिएरो तोसींचे ऑपेराचे झगे, 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'त १९३४चं पॅरिस, 'सोफीज चॉइस'मध्ये आल्बर्ट वोल्स्कींचं युद्धाच्या आगेमागेचं काम. तोसी तर बापमाणूस. स्पर्धेतलं ऑस्कर त्यांना कधीच मिळालं नाही, २०१३ साली सन्मानाचं दिलं. या वर्षाबद्दल हळहळायचंच असेल तर माझं मत तोसींना.

आणि 'गांधी'त? १८९३ ते १९४८, म्हणजे ५५ वर्षं, १९१ मिनिटांत. एकाच माणसाच्या अंगावरचे कपडे बघा. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारिट्झबर्गला गाडीतून उतरवलेला सुटाबुटातला बॅरिस्टर. १९१५ साली मुंबईत उतरताना काठियावाडी अंगरखा, धोतर आणि फेटा. सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईला प्रत्यक्ष गांधींनी अंगावरचं आणखी कमी करून पंचा स्वीकारला, आणि १९३१च्या लंडनमध्येही तोच. कपडे कमी होत जातात आणि माणूस मोठा होत जातो, हा पटकथेतला मुद्दा कपड्यांनीच सांगायचा आहे. चित्रपटात नदीकाठी एक बाई दिसते आणि गांधी आपलं वस्त्र पाण्यावरून तिच्याकडे सोडून देतात. तिथे एक वाक्य बोलायची गरज पडत नाही.

आता जरा कापडाजवळ जाऊ. हातसुतात दोरा कुठे जाड, कुठे बारीक असतो, मध्येच गाठ येते. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक सावल्या पडतात आणि कॅमेऱ्याला कापडाचा पोत मिळतो. गिरणीचं पांढरं कापड तेच काम करत नाही. उन्हात ते सपाट, कोऱ्या कागदासारखं दिसतं. फिल्मवर शुभ्र पांढरा हा तसाही त्रासाचा रंग: चेहऱ्याला नीट उजेड मिळेल असं एक्स्पोजर ठेवलं की कपडा फटफटीत होतो, कपड्याच्या घड्या दिसतील असं ठेवलं की सावळा चेहरा काळवंडतो. म्हणून वेशभूषा विभागात पांढऱ्या कपड्यांचा शुभ्रपणा मारायची जुनी रीत आहे. चहाच्या पाण्यात किंवा फिक्या रंगात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं. बुडवण्याची वेळ चुकली तर एकाच माणसाची दोन धोतरं दोन रंगांची दिसतात आणि संकलनाच्या टेबलावर ती लागोपाठच्या शॉट्समध्ये येतात. नवा कपडा जुना करायचा असेल तर गुडघे, कोपर, गळपट्टी, खांद्याची कड इथेच घासायचं. सगळीकडे सारखा घासला की तो वापरलेला दिसत नाही, मळका दिसतो.

मग सुसंगतीचा भाग. सुरुवातीचे नेहरू पाश्चात्त्य पोशाखात, पुढे खादीत. जिना कडक सुटात. पटेल धोतरात. एकाच खोलीत ही मंडळी बसली की कोण कुठल्या वाटेने चाललंय हे संवादाआधी कळलं पाहिजे. कस्तुरबांचंही तसंच. साडी नेसण्याची तऱ्हा, पदर कुठल्या खांद्यावरून येतो, कापड गिरणीचं की हातसुताचं, हे वयागणिक ठरवावं लागतं. गांधींच्या आत्मकथेतच आहे की दक्षिण आफ्रिकेला नेताना त्यांनी पत्नीला पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली होती. काठेवाडी बाईचा पदर एका प्रसंगात चुकला तर गुजरातेतल्या प्रेक्षकाचं लक्ष तिथेच अडकतं, बाकी जगाच्या लक्षातही येत नाही. असं काम करायला इथल्याच माणसाची नजर लागते. कोल्हापुरात जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि 'सीआयडी'पासून हिंदी चित्रपटांत पंचवीस वर्षं मुरलेल्या अथय्यांना घेतलं ते यासाठी.

अंत्ययात्रेचा प्रसंग तर माहितीच असेल: ३१ जानेवारी १९८१, दिल्ली, तीन लाखांवर माणसं, अकरा कॅमेरा पथकं, आणि पडद्यावर उरली जेमतेम दोन मिनिटं. एवढ्यांना कुणी कपडे शिवत नाही. अशा गर्दीत कॅमेऱ्याजवळच्या रांगा नीट नेसवायच्या आणि मागच्यांत काळाशी न जुळणारा रंग, घड्याळ, टेरिलिनचा शर्ट घुसणार नाही एवढं पाहायचं. एक भडक ठिपका पुरतो, नजर तिथेच जाते.

'अर्धा पुरस्कार' हे मात्र साफ चूक. जोडीने जिंकणाऱ्या प्रत्येकाला ऑस्करची वेगळी बाहुली मिळते, आणि नोंदीत दोन्ही नावं सारख्या मानाने लागतात. कामाची वाटणी उघड होती: भारतीय पोशाख अथय्यांकडे, ब्रिटिश आणि लष्करी पोशाख मोलोंकडे. मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार, 'स्टार वॉर्स'साठी आधीच ऑस्कर मिळवलेले. त्यांनी भारतीय कपड्यांत लुडबुड केली नाही, यातच त्यांचा शहाणपणा दिसतो. छायाचित्रणाचं ऑस्करही असंच दोघांचं आहे, बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर. ते कुणी अर्धं म्हणत नाही. बाईंच्याच वेळी हा भागाकार का सुचतो, याचा विचार तुम्हीच करा. अथय्यांनी आपली बाहुली २०१२ साली जपणुकीसाठी अकादमीकडे परत सोपवली, तीही पूर्ण एक होती.

रविशंकरांचं नामांकन जॉर्ज फेंटन यांच्याबरोबर होतं, 'मूळ संगीत' विभागात. समोर जॉन विल्यम्स ('ई.टी.'), जेरी गोल्डस्मिथ ('पोल्टरगाइस्ट'), मार्विन हॅमलिश ('सोफीज चॉइस'), जॅक नित्शे ('अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन'). अन्याय म्हणण्याआधी 'ई.टी.'चा सायकली उडतानाचा शेवटचा भाग पुन्हा ऐका. तिथे चित्र संगीताच्या मागून धावतं. 'गांधी'त संगीत बऱ्याचदा मुद्दाम मागे बसतं. चित्रपटाला तेच हवं होतं, पण सगळे सभासद मत देतात तेव्हा मागे बसलेलं संगीत हरतं.

याच न्यायाने साधी वेशभूषाही हरायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. बाफ्टाला ती हरलीच. तिथे हाच चित्रपट, हेच कपडे, हीच दोन नावं नामांकनात होती, आणि पुरस्कार गेला 'ब्लेड रनर'च्या चार्ल्स नोड आणि मायकल कॅप्लन यांना, ज्यांना ऑस्करचं नामांकनसुद्धा नव्हतं. 'गांधी'ला बाफ्टाची १६ नामांकनं होती, त्यांतली ५ जिंकली. म्हणजे ब्रिटिश मतदारांनी त्यांच्याच दिग्दर्शकाचा चित्रपट उचलून धरला आणि वेशभूषेत दुसऱ्याला निवडलं. मला विचाराल तर 'ब्लेड रनर'ला डावलणं ही ५५व्या ऑस्करच्या वेशभूषा यादीतली खरी उणीव. पण ती नामांकनाच्या टप्प्यावरची आहे, तिचा राग अथय्यांवर काढता येत नाही.

रोहिणी हट्टंगडींचं नाव लेखात नव्हतं, कारण लेख ऑस्करचा होता. त्यांचा पुरस्कार बाफ्टाचा: सहायक अभिनेत्री, 'रेड्स'च्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर बरोबरीत. ऑस्करला त्या विभागात 'टूट्सी'च्याच दोघी होत्या, जेसिका लँग आणि टेरी गार, शिवाय ग्लेन क्लोज, किम स्टॅनली आणि लेस्ली अ‍ॅन वॉरन. जिंकल्या लँग, आणि दहा नामांकनं घेऊन आलेल्या 'टूट्सी'च्या पदरात पडलेला तो एकुलता एक पुरस्कार. बाफ्टाच्या त्या वर्षीच्या यादीवर वेगळा लेख येतोय. त्यात हट्टंगडींबरोबर रोशन सेठही आहेत, ज्यांना नेहरूंच्या भूमिकेसाठी तिथे नामांकन होतं आणि ज्यांच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.