आकाश कोणाच्या नावावर आहे?

फोंड्यातील एका फोटो स्टुडिओत मी आठ बाय बारा इंचांच्या आकारात छापायला दिलेले निसर्गचित्र परवा आठ बाय दहाचे होऊन माझ्या हाती आले, आणि ‘सर, तयार फ्रेम ह्याच मापाची शिल्लक होती’ एवढेच सांगून मालक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. बारा इंचांतले दोन इंच, म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा, नाहीसा झाला होता. तो हिस्सा उजवीकडचा होता, आणि उजवीकडे माझी होडी होती.

जुने गोवे येथे व्हाइसरॉयच्या कमानीपासून पुढे धक्क्यावर गेले की दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट मिळते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तेथे ढग इतके खाली उतरले होते, की मी क्षितिज चित्राच्या खालच्या तृतीयांशावर ठेवून वरचे दोन हिस्से आकाशाला दिले. डावीकडे लांबून येणारी फेरी, मध्ये खारफुटीची काळी रेघ, आणि उजव्या कडेशी डावीकडे तोंड करून निघालेली लहानशी होडी, जिच्यापुढे अख्खी मांडवी मोकळी पसरलेली होती. ती मोकळी नदी हेच माझ्या लेखी ते चित्र होते.

मात्र हे चित्र छापायला देताना दुकानातल्या एकमेव खुर्चीत सर्वे खात्यातून निवृत्त झालेले एक काका स्वतःच्या पासपोर्ट फोटोची वाट पाहत बसले होते. त्यांनी संगणकाचा पडदा न विचारता आपल्याकडे वळवून घेतला.

‘हे काय?’

‘मांडवी.’

‘मांडवी खाली आहे. वर काय आहे?’

‘आकाश.’

‘दोन हिस्से आकाश? कोणाच्या नावावर?’

मी हसलो. ते हसले नाहीत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आकाशाचा रकाना नसतो, ज्याला सर्वे नंबर नाही त्याच्यावर शाई खर्च करणे हा शुद्ध अव्यवहार होय, आणि नदी तरी निदान सरकारची आहे, असे त्यांनी मला सावकाश, जणू मी वारस म्हणून त्यांच्या कचेरीत उभा आहे अशा सुरात, समजावून सांगितले. मीही चिडलो आणि तृतीयांशाच्या नियमाचा दाखला काढला. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या चित्रकाराने १७९७ साली हा नियम लिहून ठेवला असून निसर्गचित्रात एक हिस्सा जमिनीला आणि दोन आकाशाला देणे त्यात मान्य आहे, असे मी म्हणालो.

‘इंग्रज?’

‘हो.’

‘मग तो येथे लागू नाही. गोव्यात पोर्तुगीज संहिता चालते.’

ह्यावर उत्तर असेल तर ते मला अजून सुचलेले नाही.

काकांनी मग एक तळवा ढगांवर ठेवला, दुसऱ्या हातातले पासपोर्ट अर्जाचे पाकीट होडीवर आडवे धरले आणि मालकांना बोलावले. ‘आता बघा, फेरी कशी मध्ये आली.’ फेरी मध्ये आलेली नव्हती, ती फक्त एकटी पडली होती.

‘काका, होडी झाकली गेली.’

‘होडीवाला ओळखीचा आहे?’

‘नाही.’

‘मग परक्या माणसाला घरच्या भिंतीवर जागा कशाला द्यायची, बाबा? उद्या तो कूळ म्हणून लागेल.’

मालक मान डोलावत होते. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते असे कोणी म्हणेल, पण बिलावर आठ बाय बारा असे स्वच्छ लिहिलेले असताना पाकिटाने दाखवलेल्या हद्दीवर कात्री चालेल, हे कोणत्या सुज्ञ माणसाच्या मनात येईल?

मौज अशी की तेवढ्यात काकांचे स्वतःचे फोटो आले आणि त्यांत डाव्या कानाची पाळी किंचित कडेबाहेर गेली होती. तेव्हा हा गृहस्थ खुर्चीतून उठला. ‘माझा कान आहे तो!’ त्यांनी सगळे फोटो परत करून नव्याने काढायला लावले. कान त्यांच्या नावावर होता, हे उघड आहे.

मापाचा हा घोळ मुळात जुना आहे. आठ बाय दहा हे भल्यामोठ्या तिकाटीवरच्या कॅमेऱ्यांच्या काचेचे आणि फिल्मचे माप. आपला आठ बाय बाराचा, म्हणजे तीनास दोन हा आकार ऑस्कर बारनाकच्या छोट्या लायका कॅमेऱ्याने १९२५ पासून रूढ केला. त्याने सिनेमाच्या फिल्मची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केली. म्हणजे स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसवलेल्या माणसांना शोभणाऱ्या कागदावर आपण आजही नद्या कोंबतो, आणि नदी मावली नाही तर कापतो. चित्र कातरण्याला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा कडवा विरोध होता, तरी पॅरिसमधल्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे १९३२चे छायाचित्र कातरलेलेच आहे. पण ते त्याचे स्वतःचे चित्र होते. फ्रेमची मापे संपली म्हणून कोणी ते कापले नव्हते.

आणि गोव्याच्या चित्रांना ही सवय आता अंगवळणीच पडली आहे. जाहिरातीत किनारा आणि माड राहतात, किनाऱ्यावरचा कचरा चौकटीबाहेर जातो. खाडीकाठची खाजन शेते, त्यांचे बांध आणि मानशी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणारी दारे, ह्यांना तर चौकटीत प्रवेशच नसतो. पाहुण्याला जे आधीच ठाऊक आहे तेवढेच दाखवायचे, ह्या हिशेबात परक्या होडीला जागा उरणार कोठून?

मी पैसे परत मागितले नाहीत. पुन्हा छापून मागितले. मालक म्हणाले की आठ बाय बाराची फ्रेम मडगावहून मागवावी लागेल आणि तिचे पैसे वेगळे पडतील. कातरलेली प्रत मात्र त्यांनी परत घेतली, ती काकांना फार आवडली आहे म्हणून. आता ती दुकानाच्या काचेत नमुना म्हणून लावलेली असून तिच्याखाली ‘सर्व प्रकारची छायाचित्रे योग्य प्रकारे कापून मिळतील’ अशी पाटी आहे.