खिरीला एवढं झोडपू नका

‘तांदळाची खीर म्हणजे नुसती साखर आणि स्टार्च’ हे खिरीवरच्या एका लेखातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. चौघांच्या खिरीला तांदूळ लागतो जेमतेम मूठभर, दूध मात्र लिटरभर. म्हणजे त्यातली तीसेक ग्रॅम प्रथिनं दुधाचीच. शिवाय तांदळात लायसिन (प्रथिनांमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते दुधात भरपूर, त्यामुळे जोडी चांगली जमते. साखर किती घालायची हे आपल्याच हातात ना!

आता आमच्याकडची नारळाच्या रसातली खीर. तिच्याबद्दल मात्र मी खोटं बोलणार नाही. नारळाच्या रसात कॅल्शियम आणि प्रथिनं दुधापेक्षा पुष्कळ कमी, स्निग्धांश भरपूर. गूळ घातला म्हणून ती ‘हेल्दी’ होत नाही, कॅलरी साखरेएवढ्याच. पण चव! सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ धुवून, तुपावर परतून पातळ रसात शिजवायचे, गूळ विरघळला की जाड रस शेवटी घालून लगेच उतरवायचं. उकळी आली की रस फुटतो. गेल्या पितृपक्षात फोन घ्यायला गेले आणि पातेल्यात चोथापाणी झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पातेल्याकडे बघत राहिल्या. शिजताना हळदीचं पान टाकून बघा, वेलचीची आठवणही येणार नाही.

प्रथिनंच हवी असतील तर मणगणं करा, खिरीसारखाच गोड पदार्थ, त्यात चण्याची डाळ असते. मधुमेहींनी मात्र वाटी लहानच घ्यावी, हे लेखातलं मला पटलं.